वेल्ह्याच्या पावसातून क्लाऊडपर्यंत: क्विक, एमक्यूटीटी आणि वेळेवर पोचणारा निरोप

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

एसटीत खिडकीशी बसून ऐकणारे, हॉस्टेलच्या गच्चीवर रेंज शोधणारे, ऑफिसच्या कॅबमध्ये पेंगणारे, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय नावाने जरा कोरडा आहे. डोंगरात बसवलेलं एखादं छोटं यंत्र जेव्हा क्लाऊडमधल्या सर्व्हरला निरोप पाठवतं, तेव्हा तो निरोप कोणत्या वाटेने जातो आणि मध्येच का हरवतो? पण नाव ऐकून स्किप करू नका. यातलं निम्मं तंत्रज्ञान आत्ता तुमच्या हातातल्या फोनमध्ये चालू आहे.

मी मूळची भोरकडची. बीटेक झाल्यापासून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि काम मुख्यतः याच प्रकारचं: यंत्राकडून माहिती घ्यायची, सर्व्हरवर आणायची. त्यामुळे उदाहरणं भोर आणि वेल्ह्याचीच देणार. वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका, पण आमच्या तोंडात अजून वेल्हेच बसलंय.

आधी भूगोल. या दोन तालुक्यांत धरणं किती आहेत बघा. भोरला वेळवंडी नदीवर भाटघर, साडेतेवीस टीएमसीचं, ब्रिटिशांच्या काळात १९२८ च्या सुमारास पूर्ण झालेलं. नीरेवर नीरा देवघर, पावणेबारा टीएमसीच्या आसपास. वेल्ह्यात पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी. म्हणजे सह्याद्रीच्या कड्यावर पडलेला पाऊस आधी इथे साठतो आणि मग एकीकडे नीरेने खाली वीर धरणाकडे जातो, दुसरीकडे खडकवासल्यातून पुण्यात येतो. वर पाऊस किती पडला हे खाली वेळेवर कळणं, हा इथे जगण्याचा प्रश्न आहे. नदीकाठच्या शेतकऱ्याची मोटार पाण्यात जाणार का, सखल पूल पाण्याखाली जाणार का, खालच्या वस्तीने सामान हलवायचं का, सगळं त्या एका निरोपावर.

आणि हे आपल्या जिल्ह्याने फार महाग शिकलंय. १२ जुलै १९६१. वेल्ह्यातलं पानशेत धरण, मातीचं, नवं कोरं, सकाळी फुटलं. तो लोंढा खाली आला आणि खडकवासलाही फुटलं. पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. पण पानशेत फुटणं आणि शहरात पाणी पूर्ण चढणं यात काही तास होते. ते तास म्हणजे निरोपाला मिळालेला वेळ. आज सेन्सर आहेत, मोबाईल आहेत, उपग्रह आहेत. कृष्णा आणि भीमा खोऱ्यासाठी जलसंपदा विभागाने पाऊस आणि पाण्याची पातळी त्या त्या वेळी कळवणारी यंत्रणाही उभी केली आहे. तरी मूळ प्रश्न तोच राहतो: वरचा निरोप खाली वेळेत पोचतो का?

आता यंत्राच्या बाजूने विचार करू. समजा ओढ्यावरच्या पुलाला पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर लावलाय. बॅटरी आणि छोटं सोलर पॅनेल. त्याला सांगायचंय एवढंच: "पाणी दोन मीटर चाळीस." वीस-तीस अक्षरांचा निरोप. व्हॉट्सॲपच्या "हो" पेक्षा थोडा मोठा.

हा निरोप पाठवण्याची सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे एमक्यूटीटी. १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉमचे आर्लेन निपर यांनी ती तयार केली, तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहातून नजर ठेवण्यासाठी. उपग्रहाचा डेटा महाग, म्हणून निरोप जितका बारीक तितका बरा. रचना सोपी आहे. मध्ये एक ब्रोकर असतो. सेन्सर त्याला सांगतो, "हा घ्या 'भोर-पूल-पातळी' या विषयावरचा निरोप." ज्याला ज्याला तो विषय हवा, त्याने ब्रोकरकडे आधीच नाव नोंदवलेलं असतं. ब्रोकर सगळ्यांना वाटतो. गावातल्या दूध डेअरीसारखं समजा: घालणारा आणि नेणारा एकमेकांना ओळखत नाहीत, पण डेअरी दोघांना ओळखते.

एमक्यूटीटी स्वतः फक्त निरोपाची भाषा आहे. ती ज्या गाडीत बसून जाते ती गाडी म्हणजे टीसीपी, आणि कुलूप म्हणजे टीएलएस. अडचण या गाडीत आहे.

टीसीपी कसं चालतं? रेंज नसलेल्या ठिकाणचा फोन आठवा. "हॅलो, येतोय का आवाज?" "येतोय. माझा येतोय का?" "हो, येतोय." मग बोलणं सुरू. ही झाली टीसीपीची ओळख. त्यानंतर टीएलएसचं कुलूप-किल्लीचं बोलणं. त्यानंतर एमक्यूटीटीचं "मी अमुक सेन्सर, येऊ का आत?" "ये." आणि मग कुठे "पाणी दोन मीटर चाळीस". जुनं टीएलएस १.२ असेल तर पहिला खरा निरोप निघेपर्यंत साधारण चार फेऱ्या होतात: एक टीसीपीची, दोन टीएलएसच्या, एक एमक्यूटीटीची. नवं टीएलएस १.३ असेल तर तीन.

तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो, पाणी चढायला तास लागतात आणि फेरी अर्ध्या सेकंदाची. बरोबर आहे. वेळ वाचणं हा मुद्दाच नाही इथे. मुद्दा आहे नशिबाचा. समजा पावसात नेटवर्क इतकं खराब झालंय की दर पाच पाकिटांतलं एक हरवतं. एक फेरी म्हणजे जाणारं एक आणि येणारं एक पाकीट. दोन्ही नीट पोचण्याची शक्यता शंभरात चौसष्ट. अशा चार फेऱ्या एकही पाकीट पुन्हा न पाठवता पार पडण्याची शक्यता शंभरात जेमतेम सतरा! दोन फेऱ्यांत काम भागत असेल तर तीच शक्यता एक्केचाळीस होते. नेटवर्क तेच, पाऊस तोच, फक्त बोलणं कमी केलं. आणि प्रत्येक वेळी पुन्हा पाठवायचं म्हणजे रेडिओ चालू ठेवायचा, म्हणजे बॅटरी खायची. चार दिवस ऊन नाही, सोलर पॅनेल झोपलेलं. जुलैत वेल्ह्यात चार दिवस ऊन नसणं ही काही बातमी नाही.

इथे येतं क्विक. गुगलमध्ये २०१२ च्या सुमारास जिम रॉस्किंड यांनी त्याची पहिली मांडणी केली, आणि मे २०२१ मध्ये इंटरनेटच्या मानक ठरवणाऱ्या आयईटीएफने ते आरएफसी ९००० म्हणून प्रसिद्ध केलं. यूट्यूब, इन्स्टाग्राम यांचा मोठा ट्रॅफिक यावरूनच जातो. म्हणजे भाटघरच्या काठावर बसून तुम्ही रील बघता तेव्हा क्विक वापरत असता. मग पुलाखालच्या सेन्सरनेच का मागे राहायचं?

क्विक यूडीपीवर चालतं. यूडीपी म्हणजे पत्र पेटीत टाकलं, विषय संपला, पोच नाही. त्यावर क्विकने पोच, क्रम आणि कुलूप हे सगळं स्वतः नव्याने बांधलंय. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या.

पहिली: ओळख आणि कुलूप एकाच फेरीत. "हॅलो, येतोय का आवाज" म्हणतानाच किल्लीचं बोलणंही उरकतं. वरची एमक्यूटीटीची एक फेरी धरली तर चाराच्या दोन झाल्या. पूर्वी बोलणं झालेलं असेल तर पहिल्याच पाकिटात निरोपही घालता येतो. याला झिरो आरटीटी म्हणतात. यात एक धोका आहे, त्याकडे नंतर येते.

दुसरी: पत्ता बदलला तरी ओळख टिकते. टीसीपीचं कनेक्शन दोन्ही टोकांच्या आयपी पत्त्यांना आणि पोर्टना बांधलेलं असतं. पत्ता बदलला की कनेक्शन मेलं. क्विकमध्ये प्रत्येक कनेक्शनला स्वतःचा क्रमांक असतो. एसटीच्या पाससारखं. स्वारगेटहून भोर गाडीत बसलात, कापूरहोळला उतरून दुसरी गाडी धरली, तरी पास तोच. कंडक्टर पास बघतो, गाडीचा नंबर बघत नाही. आता डोंगरातल्या यंत्रात दोन कंपन्यांची दोन सिमं आहेत असं धरा. वीज गेली, एका टॉवरची बॅटरी संपली, यंत्र दुसऱ्या सिमवर गेलं. पत्ता बदलला. टीसीपी असेल तर सगळी ओळख पहिल्यापासून. क्विक असेल तर सर्व्हर नव्या पत्त्यावर एक खूणगाठ विचारतो, उत्तर बरोबर आलं की बोलणं पुढे चालू.

तिसरी: एकामुळे सगळे अडत नाहीत. वरंधा घाटात एक ट्रक आडवा झाला की मागे रांग. त्या रांगेत ॲम्ब्युलन्स असली तरी ती रांगेतच. टीसीपी तसंच आहे. एक पाकीट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागचं सगळं अडून राहतं, भले ते पोचलेलं असो. समजा पुलावर कॅमेराही आहे आणि तो फोटो पाठवतोय. फोटोचा एक तुकडा हरवला आणि त्याच्यामागे उभा आहे निरोप, "पाणी धोक्याच्या खुणेवर". तो थांबणार. क्विकमध्ये एकाच कनेक्शनच्या आत वेगवेगळ्या वाटा काढता येतात. फोटोची वाट अडली तरी धोक्याची वाट मोकळी. फक्त लक्षात ठेवा, वेगवेगळ्या वाटांवरच्या निरोपांचा आपसातला क्रम मग कुणी सांभाळत नाही. म्हणून प्रत्येक निरोपावर तो कधी मोजला ती वेळ यंत्रानेच लिहायची.

एमक्यूटीटी आणि क्विक यांची जोडी आज वापरता येते का? येते. ईएमक्यूएक्स नावाच्या ब्रोकरने २०२२ मध्ये आपल्या पाचव्या आवृत्तीत ही सोय आणली. एजवर ठेवायला नॅनोएमक्यू हा छोटा ब्रोकर आहे, तो वरच्या ब्रोकरशी क्विकने बोलू शकतो. मात्र एमक्यूटीटीच्या अधिकृत मानकात क्विक अजून धरलेलं नाही. त्यामुळे दोन्ही टोकांना काय बसवताय ते आधी जुळवून घ्यावं लागतं.

आता कौतुक बाजूला ठेवून मर्यादा बोलू, कारण नुसतं "नवीन आलंय, वापरा" म्हणणं सोपं असतं.

एक. क्विक बारक्या सेन्सरसाठी नाही. ओळख करतानाचं पहिलं पाकीट किमान १२०० बाइटचं असलंच पाहिजे असा नियम आहे. छोटं असेल तर रिकामी जागा भरून पाठवायचं. निरोप तीस बाइटचा आणि लिफाफा १२०० चा! वर कुलपाचं गणित करायला प्रोसेसर आणि मेमरी लागते ती वेगळी. म्हणून मला पटलेली मांडणी अशी: सेन्सरने फक्त मोजायचं आणि लोराने जवळच्या गेटवेला सांगायचं. लोरा म्हणजे कमी विजेत लांब जाणारा रेडिओ, भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात परवान्याशिवाय चालतो. गेटवे ठेवायचा जिथे मोबाईलची रेंज आणि वीज दोन्ही बऱ्यापैकी आहेत तिथे, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या छतावर. रास्पबेरी पायसारखा छोटा कॉम्प्युटर पुरतो. क्विक वापरायचं ते गेटवे ते क्लाऊड या टप्प्यात. थेट सेन्सरलाच मोबाईल नेटवर्कवर जायचं असेल तर कोॲप नावाची यूडीपीवरचीच हलकी पद्धत आहे, ती जास्त शोभते.

दोन. काही नेटवर्क यूडीपी अडवतात किंवा हळू करतात. शिवाय मोबाईल कंपनीच्या आत एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवलेले असतात. ती नोंद टीसीपीसाठी बराच वेळ टिकते, यूडीपीसाठी लवकर पुसली जाते. सेन्सरकडून वर निरोप पाठवताना फारसं बिघडत नाही. पण वरून खाली काही सांगायचं असेल तर वाट मोकळी ठेवायला अधूनमधून "आहे मी" म्हणत राहावं लागतं, आणि तेही बॅटरी खातं. म्हणून क्विक जमलं नाही तर टीसीपीवर परत यायची सोय ठेवायचीच.

तीन, तो मघाचा धोका. झिरो आरटीटीमध्ये पहिल्याच पाकिटात जो निरोप जातो, त्याची नक्कल करून कुणी तेच पाकीट पुन्हा पाठवू शकतं. "पाणी दोन मीटर चाळीस" दोनदा पोचलं तर काही बिघडत नाही, वेळ लिहिलेली आहे, दुसरं फेकून द्या. पण आपल्याकडे शेतकरी मोबाईलवरून मोटार चालू करतात. रात्री लाइट आली की घरी झोपूनच. तिथे "मोटारीची स्थिती उलटी कर" हा निरोप दोनदा पोचला तर? चालू झालेली मोटार बंद. आणि "चालू कर" हाच निरोप तासाभराने पुन्हा आला, तर कुणीतरी विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्ह काढत असताना मोटार सुरू. इथे प्रश्न जिवाचा आहे. म्हणून नियम सोपा ठेवायचा: मोजमाप झिरो आरटीटीने पाठवलं तर चालेल, हुकूम कधीच नाही. हुकमाला क्रमांक हवा आणि मुदत हवी. एमक्यूटीटी ५ मध्ये निरोपाला मुदत घालता येते. मुदत संपली की ब्रोकर तो पुढे देतच नाही.

चार, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. रेंजच नसेल तर कोणताच प्रोटोकॉल चालत नाही. केळद, मढे घाट, हिर्डोशीचं खोरं इकडे ट्रेकला गेलेल्यांना हे सांगायला नको. मग यंत्राने काय करायचं? दोन गोष्टी. एक, निरोप साठवून ठेवायचे, रेंज आली की आधी ताजा पाठवायचा, मग जुने. रांगेतल्या नियमाने जुना आधी पाठवलात तर खालच्यांना दोन तासांपूर्वीचं पाणी कळेल. दोन, धोक्याचा निर्णय तिथल्या तिथे घ्यायचा. पाणी खुणेवर गेलं की पुलावरचा लाल दिवा आणि भोंगा गेटवेनेच लावायचा, क्लाऊडच्या परवानगीची वाट बघायची नाही.

याला आपण आज एज कम्प्युटिंग म्हणतो आणि फार नवीन वाटतं. पण विश्वेश्वरय्यांनी पाण्याच्या पातळीबरोबर आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याला बसवले होते. पाणी ठरावीक उंचीवर आलं की दरवाजा उघडणार, उतरलं की मिटणार. कुणाला तार करायला नको, कुणाच्या सहीची गरज नाही. भाटघरलाही ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत, पावसाळ्यात त्यांची बातमी येते तेव्हा ऐकलं असेल. यंत्राने जागेवर निर्णय घ्यायचा आणि निरोप नंतर कळवायचा, हा विचार आपल्या खोऱ्यात शंभरपेक्षा जास्त वर्षं जुना आहे.

अजून एक छोटी पण जीव वाचवणारी सोय. एमक्यूटीटीत सेन्सर जोडला जातानाच ब्रोकरकडे एक शेवटचा निरोप ठेवू शकतो: "मी अचानक गप्प झालो तर सगळ्यांना हे सांग." यंत्राने एक मिनिटाची हजेरी ठरवली असेल, तर दीड मिनिट आवाज आला नाही की ब्रोकर ते कनेक्शन संपलं असं धरतो आणि तो निरोप वाटून टाकतो. पावसाळ्यात याचं महत्त्व फार आहे. स्क्रीनवर "पाणी एक मीटर" दिसतंय, हिरवं, सगळं छान. आणि प्रत्यक्षात सेन्सर तासापूर्वीच वाहून गेलाय! जुना आकडा हिरव्या रंगात दाखवणारा डॅशबोर्ड हा काहीच न दाखवणाऱ्यापेक्षा वाईट. गप्प बसलेला सेन्सर हीच बातमी समजायची.

शेवटचा टप्पा माणसाचा. एमक्यूटीटीत "किमान एकदा नक्की पोचव" अशी हमी मागता येते, पण ती हमी यंत्र ते ब्रोकर आणि ब्रोकर ते ॲप एवढीच. ॲपवरून नदीकाठच्या माणसाच्या कानापर्यंत पोचण्याची हमी कोणताही प्रोटोकॉल देत नाही. २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते, आठवतंय? सरकारी इशाऱ्याची चाचणी. ते सेल ब्रॉडकास्ट होतं: टॉवरच्या कक्षेतल्या सगळ्या फोनना एकदम, नंबर माहीत असण्याची गरज नाही. खालच्या टोकाला असलंच काहीतरी लागतं. आणि त्याच्याही पुढे, ज्याच्याकडे फोन नाही त्याच्या दारात जाणारा कोतवाल किंवा पोलीस पाटील लागतोच.

तर ऐकणाऱ्यांपैकी जे इंजिनिअरिंगला आहेत आणि फायनल इयर प्रोजेक्ट शोधतायत, त्यांच्यासाठी एक काम. सेन्सर लावून आकडा स्क्रीनवर आणण्याचे प्रोजेक्ट खूप झाले. तुम्ही गेटवे ते क्लाऊड हा टप्पा टीसीपीवर आणि क्विकवर, दोन्हींवर उभा करा. लिनक्सवर टीसी नावाची कमांड आहे, तिने मुद्दाम पाकिटं हरवा, उशीर घाला. मध्येच सिम बदला. वीज काढा. आणि मोजा: किती निरोप पोचले, किती उशिरा, किती बॅटरी गेली. तुमच्या गावच्या रेंजवर मोजलेला आकडा कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा जास्त कामाचा असेल. आणि जून उजाडायच्या आत करा, कारण खरी परीक्षा घ्यायला पाऊस येतोच.

तुमच्या गावात नदीला पाणी सोडल्याचं आज कसं कळतं? भोंगा, व्हॉट्सॲप ग्रुप, दवंडी, की शेजाऱ्याचा फोन? नक्की कळवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू. तोवर काळजी घ्या, आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. भेटू.